लेखांचा रतीब आणि उत्तरांची राखण

दर काही महिन्यांनी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, कंपनीचा ब्लॉग ही आता गेल्या जमान्यातली गोष्ट झाली. लोक प्रश्न टाइप करतात, सर्चच्या वरच्या भागात यंत्राने तयार केलेलं उत्तर वाचतात आणि निघून जातात. तुमच्या पानापर्यंत येतंच कोण? दुसरी बाजू तितक्याच आवेशाने सांगते, की सातत्य ठेवा, आठवड्याला तीन लेख टाका, विषय संपले तर यंत्राकडून लिहून घ्या, पण खंड पडू देऊ नका. दोघंही आपापले आलेख घेऊन येतात. एकाचा खाली जाणारा, दुसऱ्याचा वर चढणारा. आणि दोन्ही आलेखांवर मोजलेली गोष्ट एकच असते: किती जण आले. आलेला माणूस काय घेऊन गेला, त्याचं अडलेलं काम सुटलं का, पुढच्या वेळी तो याच कंपनीचं म्हणणं खरं मानेल का, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. ज्या वादात दोन्ही पक्षांची मोजपट्टी एकच आणि तीही चुकीची असते, तो वाद कितीही रंगला तरी त्यातून हाती काय लागणार?

माझी भूमिका आधीच सांगतो. व्यवसायाच्या ब्लॉगला किंमत येते ती दोन गोष्टींनी. तो धंदा रोज करताना जे कळतं आणि बाहेरच्याला सहसा कळत नाही, ते ग्राहकाला त्याच्या अडचणीच्या वेळी सापडेल असं लिहून ठेवणं, ही पहिली. आणि लिहून ठेवलेलं आजही खरं आहे ना, हे पुन्हापुन्हा पाहत राहणं, ही दुसरी. यातली दुसरी जवळजवळ कुणी करत नाही. ब्लॉग ‘चालवणं’ म्हणजे नवं लिहीत राहणं, असा समज इतका पक्का झाला आहे की जुनं सांभाळणं हे कामच कुणाच्या यादीत नसतं. मला ते अर्ध्याहून मोठं काम वाटतं. ज्यांना या दोन्ही गोष्टी जमणार नाहीत, त्यांनी ब्लॉग बंद करावा आणि त्यात कमीपणा मानू नये. वर्षानुवर्षं हात न लावलेला, चुकीच्या माहितीने भरलेला ब्लॉग असण्यापेक्षा पत्ता, वेळ आणि फोन नंबर सांगणारं एक नीटनेटकं पान कितीतरी बरं.

हा रतीब घालण्याचा रिवाज आला कुठून, हे पाहिलं तर पुष्कळ उलगडा होतो. ब्लॉग लिहिण्याची साधनं, १९९९ साली ब्लॉगर आणि २००३ साली वर्डप्रेस, आली तेव्हा कंपन्यांच्या वतीने लिहिणारी जी माणसं होती ती बहुतेक स्वतः ते काम करणारी होती. थर्टीसेव्हन सिग्नल्स या छोट्या कंपनीने १९९९ मध्ये लिहायला सुरुवात केली. त्यांचं बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बाजारात आलं ते २००४ मध्ये. म्हणजे विकायला हे उत्पादन नव्हतं तेव्हापासून ते आपल्या कामाबद्दल लिहीत होते, आणि उत्पादन आलं तेव्हा ते समजून घेणारा वाचक आधीच तयार होता. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने २००० साली सॉफ्टवेअर बनवण्याच्या धंद्यातल्या अडचणींवर लिहायला घेतलं. आठ वर्षांनी त्यांच्या भागीदारीतून स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ उभं राहिलं तेव्हा पहिल्या दिवसापासून तिथे जे लोक आले, त्यातले कितीतरी त्यांचे वाचक होते. मग मधल्या काळात कुणाच्या तरी लक्षात आलं, की सर्चमध्ये वर यायचं तर पानं भरपूर हवीत, ताजी हवीत, ठरावीक शब्द त्यात असावेत. तिथून लेखन हे जाणकाराच्या हातून सुटलं आणि शब्दमोजणीच्या हाती गेलं.

याची परीक्षा लगेच झाली, हे आज फार थोड्यांना आठवतं. लोक काय शोधतात ते पाहून त्या प्रश्नांवर हजारोंनी स्वस्त लेख पाडणारी डिमांड मीडिया ही कंपनी जानेवारी २०११ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिचं बाजारमूल्य न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त ठरलं होतं. पुढच्याच महिन्यात गूगलने आपल्या क्रमवारीत ‘पांडा’ नावाचा बदल केला आणि असल्या पानांना खाली ढकललं. त्या कारखान्याचा कणाच मोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलने पुन्हा सांगितलं की लेखन सर्चसाठी नको, माणसासाठी हवं. मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात पाडलेल्या मजकुराविरुद्ध स्पष्ट नियमच केला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. प्रत्येक वेळी ज्यांचा रतीब बुडाला त्यांनी आरोळी ठोकली, की ब्लॉग मेला. पण बुडालं काय होतं? कुणीही लिहू शकेल असं लेखन. गूगलचा न्याय दर वेळी अचूक होता असं मी म्हणत नाही. या बदलांच्या माऱ्यात चांगली, मेहनतीने केलेली छोटी संकेतस्थळंही सापडली आणि त्यांच्यावर अन्याय झाला. तरीही जो आपलं दुकान दुसऱ्याच्या क्रमवारीवर उभं करतो, त्याने क्रमवारी बदलली म्हणून दुकानदारीच संपली असं म्हणू नये.

आणि ही गोष्ट इंटरनेटपेक्षा फार जुनी आहे. जॉन डियर या नांगर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे नियतकालिक काढलं. फरो म्हणजे नांगराने जमिनीत पाडलेली चरी. ते आजही निघतं. ते टिकलं, कारण शेतकऱ्याने ते शेतीसाठी वाचलं. नांगराची जाहिरात पाहायला कोण सव्वाशे वर्षं वाचक राहील? १९०० साली मिशलॅं या टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी एक छोटं मार्गदर्शक पुस्तक फुकट वाटलं. टायर कसा बदलायचा, इंधन कुठे मिळेल, दुरुस्ती कुठे होईल, मुक्काम कुठे करायचा. फ्रान्समध्ये तेव्हा मोटारी होत्या जेमतेम काही हजार. मिशलॅं बंधूंचा हिशेब सरळ होता: माणूस निर्धास्तपणे लांब गेला तर टायर झिजणार. आपल्या भाषेत तर याहून जवळचं उदाहरण आहे. १९२० साली नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते कारखान्याच्या खबरीपुरतं राहिलं नाही. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं एक मानाचं मासिक झालं, त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. दोन वेगळ्या खंडांतले नांगर बनवणारे दोन कारखाने एकाच निष्कर्षाला आले, हा मला योगायोग वाटत नाही. जो माणूस आपली वस्तू वापरणार आहे त्याचं आयुष्य आपल्याला कळलं पाहिजे आणि आपल्याला जे कळलं ते त्याला सांगितलं पाहिजे, ही गरज त्या दोघांनाही वस्तू विकतानाच जाणवली असणार.

आता विरोधी बाजूचं सर्वात जड म्हणणं घेऊ. ते म्हणतात, इतिहास ठीक आहे, पण मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर यंत्राने लिहिलेली उत्तरं सर्रास दाखवायला सुरुवात केली, मग ती सोय इतर देशांत गेली, आणि चॅटजीपीटीसारखी साधनं तर दुवाही न उघडता सगळं सांगतात. लिहायचं आपण, उत्तर द्यायचं यंत्राने, आणि वाचक आपल्या दारात यायचाच नाही. हे म्हणणं खरं आहे. त्यातली वेदनाही खरी आहे. ‘अमुक म्हणजे काय’, ‘तमुकचे पाच फायदे’ या जातीच्या लेखांवर ज्यांचा ब्लॉग उभा होता त्यांचा वाचक गेला आणि तो परत येणार नाही, हे मी विनाअट मान्य करतो.

पण गेले ते प्रश्न कुठले, हे जरा निरखून पाहा. ज्यांचं उत्तर शंभर ठिकाणी सारखंच लिहिलेलं होतं, तेच गेले. शंभर ठिकाणी असलेलं उत्तर एकशे एकाव्या ठिकाणी लिहिण्याचा हक्क आणि गरज त्या व्यवसायाला मुळात होती का? उरलेले प्रश्न वेगळे आहेत. यंत्र बंद पडलंय आणि माल द्यायचा आहे. मोठी खरेदी करायची आहे आणि विकणारा कुठली गोष्ट लपवतोय ते कळत नाही. दोन पर्यायांपैकी आपल्या परिस्थितीत कुठला चालेल हे ठरत नाही. अशा वेळी माणसाला नुसतं उत्तर पुरत नाही. हे कोण म्हणतंय, त्याने हे स्वतः केलंय का, चुकलं तर मी कुणाला विचारू, हे त्याला हवं असतं. आणि या उत्तरयंत्रांनी तरी कुठून शिकायचं? कुणीतरी हात काळे करून मिळवलेलं ज्ञान कुठेतरी लिहिलेलं असेल तरच ना.

शिवाय ब्लॉगचा वाचक म्हणजे सर्चमधून आलेला अनोळखी माणूसच, हे गृहीत कुणी धरलं? मी एकदा हवेचे कॉम्प्रेसर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका व्यवसायासाठी लिहायला बसलो होतो. मालकांना ‘उद्योगातले नवे प्रवाह’ असा लेख हवा होता. मी आधी एक दुपार फोन घेणाऱ्या तंत्रज्ञाच्या शेजारी बसून काढली. दर दोन-तीन फोनमागे एक तक्रार तीच: हवा कमी येतेय. आणि दर वेळी तो त्याच क्रमाने विचारायचा. टाकीतलं पाणी रोज सोडता का? हवेचा फिल्टर शेवटचा कधी साफ केला? टाकीचा बाहेरचा व्हॉल्व बंद करून प्रेशर धरतं का पाहा. धरत असेल तर दोष बहुधा कॉम्प्रेसरचा नाही, पुढच्या पाइपात गळती आहे. बेल्ट सैल आहे का? बहुतेकांचा प्रश्न माणूस न पाठवता सुटायचा. मालकांना मी सांगितलं, तुमचा लेख हा आहे. तो लिहिला, तंत्रज्ञाच्या नावाने, त्याच्याच शब्दांत. त्यानंतर फोन आला की तो त्या पानाचा दुवा पाठवायचा आणि म्हणायचा, एवढं करून बघा, नाही झालं तर मी येतो. नव्या कामगाराला शिकवायलाही तेच पान. सर्चमधून त्या पानावर कुणी आलं की नाही, याने त्याची किंमत ठरत नव्हती. आता सांगा, उत्तरयंत्रं आली म्हणून या पानाचं काय बिघडलं?

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो छोट्या व्यवसायांच्या तोंडी असतो तेव्हा मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्याला कळतं त्याला लिहायला वेळ नाही. ज्याला वेळ आहे, म्हणजे पगारावर नेमलेला किंवा बाहेरचा लेखक, त्याला कळत नाही. मालक दिवसभर ग्राहक, पुरवठादार, कर, पगार यांत बुडालेला. त्याने रात्री बसून गद्य लिहावं अशी अपेक्षा करणारा सल्लागार कधी धंद्यात उतरलेला नसतो. ही अडचण खरी आहे. पण तिचं जे उत्तर आज सर्रास दिलं जातं, की मग बाहेरून लिहून घ्या किंवा यंत्राकडून पाडा, त्याने दोघांतला चुकीचा माणूस निवडला जातो. वेळ आहे त्याच्याकडून ज्ञान येत नाही. ज्ञान आहे त्याच्याकडून वेळ थोडाच लागतो, जर त्याने लिहायचं नसून बोलायचं असेल तर. जानेवारी २००७ मध्ये मॅरियट हॉटेल समूहाचे प्रमुख बिल मॅरियट यांनी ब्लॉग सुरू केला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते आणि संगणकाशी त्यांची मैत्री नव्हती. ते बोलायचे, ध्वनिमुद्रण व्हायचं, कुणीतरी उतरवून घ्यायचं. शब्द त्यांचे, कष्ट दुसऱ्याचे. एवढ्या मोठ्या समूहाच्या प्रमुखाला जे जमलं ते छोट्या कारखान्यातल्या फोरमनला जमणार नाही का? त्याच्यासमोर फोन ठेवा, गेल्या महिन्यात सगळ्यात अवघड गेलेलं काम कुठलं ते विचारा, आणि वीस मिनिटं मधे बोलू नका. उतरवून काढायला आणि नीट मांडायला लेखक जरूर घ्या. आता तर उतरवण्याच्या कामाला यंत्रही चांगलं आहे, आणि तिथे ते वापरायला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती आवाज उसना घेण्याला. २००६ मध्ये अमेरिकेत एक जोडपं मोठ्या गाडीतून देशभर फिरत, रात्री वॉलमार्टच्या आवारात मुक्काम करत, भेटलेल्या आनंदी कर्मचाऱ्यांबद्दल ब्लॉग लिहीत होतं. थोड्याच दिवसांत उघड झालं की या प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या पाठबळावर चालणारी एक संघटना करत होती, आणि ही आखणी करणाऱ्या एडेलमन या जनसंपर्क कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्या लेखांमधली माणसं खोटी नव्हती, प्रवासही खोटा नव्हता. लपवलं होतं ते एवढंच, की बोलतंय कोण. आज जी कंपनी आपल्या अभियंत्याच्या नावाखाली त्याने कधी न पाहिलेला, यंत्राने जुळवलेला मजकूर टाकते, ती यापेक्षा वेगळं काय करते? वाचकाला वाटतं, हे कुणीतरी अनुभवातून सांगतंय. अनुभव तिथे नसतो. एक चुकीची सूचना, आणि त्या नावावरचा विश्वास जातो. त्या अभियंत्याने पुढे खरोखर काही सांगितलं तरी कुणी मानत नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा. मनमोकळं लिहिलं तर आपल्या चुका बाहेर येतात, वकील घाबरतात, प्रतिस्पर्धी टपलेले असतात. म्हणून बहुतेक कंपन्यांचा ब्लॉग हा सत्कार, पुरस्कार आणि शुभेच्छांचा अल्बम होतो. त्यात खोटं काही नसतं. पण बाहेरच्या कुठल्या माणसाला त्याचा उपयोग असतो? याउलट ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट घ्या. गिटलॅब ही कंपनी इतर कंपन्यांचे सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळते. तिच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसून टाकला. सुमारे ३०० गिगाबाइट. मग ध्यानात आलं की बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. शेवटी सुमारे सहा तासांची नोंद कायमची गेली. याहून लाजिरवाणं काय असतं? त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, नोंदी उघड्या ठेवल्या आणि काही दिवसांत सविस्तर लेख लिहिला. त्यात दोष त्या अभियंत्याच्या माथी मारला नाही. बॅकअप चालतात की नाही हे तपासणं कुणाचंच काम नव्हतं, हे मान्य केलं. जगभरच्या अभियंत्यांनी तो लेख वाचून आपापले बॅकअप तपासले. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा जगभर सुमारे २७ मिनिटं कोलमडली, कारण सुरक्षेच्या एका नव्या नियमातली, मजकुरात ठरावीक नमुना शोधणारी एक सूत्ररचना संगणकांची सगळी ताकद खात होती. दहा दिवसांनी त्यांनी त्यावर जो लेख टाकला, त्यात ती सूत्ररचना अक्षरशः छापून ती का फसते हे पायरीपायरीने समजावलं होतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: या तांत्रिक कंपन्या, त्यांचे ग्राहकही अभियंते, त्यांना असल्या कबुलीचं कौतुक वाटतं, इतर धंद्यांत लोक पळून जातील. या म्हणण्यात तथ्य आहे. रुग्णाचं खाजगीपण, कोर्टात चाललेला दावा, ग्राहकाशी केलेला करार, या ठिकाणी गप्प बसणंच योग्य, आणि वकिलांचं तिथे ऐकावंच. पण बाकीच्या ठिकाणी? ग्राहकाला चूक कळत नाही अशा भ्रमात कुणी राहू नये. माल उशिरा आला, रंग उडाला, भाग तुटला, हे त्याला आपल्या आधी कळतं. त्याला कळत नाही ते एवढंच, की आपल्याला कळलंय का आणि आपण काय केलं. ते सांगितलं नाही की तो स्वतःच्या मनाने रिकामी जागा भरतो, आणि तो जे भरतो ते खऱ्या गोष्टीपेक्षा बहुधा वाईट असतं.

प्रतिस्पर्ध्यांच्या भीतीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. मार्कस शेरिडन आणि त्यांचे भागीदार व्हर्जिनियात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवायचे. २००८-०९ च्या मंदीत धंदा बुडायला आला, तेव्हा त्यांनी ग्राहक विचारत असलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहायचं ठरवलं. तलावाला खर्च किती येतो, फायबरग्लासमध्ये दोष कुठले, इतकंच काय, आपल्या भागातले चांगले प्रतिस्पर्धी कोण, हेही. हे प्रश्न त्या धंद्यातलं कुणीच उघडपणे घेत नव्हतं. व्यवसाय तरला. प्रतिस्पर्ध्यांना त्यांची माहिती चोरता आली असती. त्यांचा मोकळेपणा चोरायला आधी तो अंगी लागला असता.

‘लोक सोशल मीडियावर आहेत, तिथेच लिहा’ हेही तसंच. जरूर लिहा, माणसं जिथे जमतात तिथे जाऊन बोलावं. पण जे टिकायला हवं ते स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. लोकांना स्वतःची पानं बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, छोट्या व्हिडिओंचं व्हाइन २०१७ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि तिथे लोकांनी वर्षानुवर्षं रचलेलं त्यांच्याबरोबर गेलं. भाड्याच्या भिंतीवर कोरलेला शिलालेख किती दिवस टिकणार?

आता त्या दुर्लक्षित अर्ध्या कामाकडे येतो, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय. लेख प्रसिद्ध झाला की त्याचं आयुष्य सुरू होतं, आणि बहुतेक ब्लॉगांमध्ये त्याच दिवशी लेखाशी असलेला संबंध तोडला जातो. चार वर्षांपूर्वी लिहिलेली दुरुस्तीची पद्धत नव्या मॉडेलला लागू नसते. नियम बदललेला असतो. ज्या भागाची शिफारस केली तो बनणंच बंद झालेलं असतं. लेख मात्र तसाच उभा, त्याच आत्मविश्वासाने चुकीचं सांगत. वाचकाला ते जुनं आहे हे कळावं म्हणून निदान तारीख तरी असावी, तर कित्येक ठिकाणी ती मुद्दाम काढून टाकलेली असते, कारण ‘जुनं दिसलं की लोक वाचत नाहीत’. त्याहून वाईट प्रकार म्हणजे मजकुराला हात न लावता तारीख तेवढी आजची करणं. डब्यावरची तारीख खोडून नवी घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? ताजेपणाचा देखावा करून शिळं खपवणं ही तीच गोष्ट आहे, आणि ती ‘सर्चसाठी करावी लागते’ या सबबीखाली भले लोकही करतात, याचं मला वाईट वाटतं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावलं होतं की पानांचे पत्ते बदलू नयेत; बदलतात ते आपल्या निष्काळजीपणाने. तरी दर दोन-तीन वर्षांनी कंपनी संकेतस्थळाला नवा साज चढवते आणि जुने सगळे दुवे मरतात. कुणा ग्राहकाने तो दुवा आपल्या वहीत उतरवून ठेवलेला असतो, कुणी कामगाराने तो यंत्रावर चिकटवलेला असतो. त्या जागी ‘पान सापडलं नाही’. जुना पत्ता नव्याकडे वळवायला तंत्रज्ञाला थोडा वेळ लागतो, एवढंच. पण ते काम आहे हे कुणाला तरी आठवायला हवं. राखणीत आणखी एक कठोर गोष्ट येते, ती म्हणजे कापणी. एकाच प्रश्नावर चार लेख झाले असतील तर चारांचा एक चांगला लेख करा आणि बाकीचे तिकडे वळवा. जे खरं राहिलं नाही ते एकतर दुरुस्त करा किंवा वर ठळकपणे लिहा की हे आता लागू नाही. दोनशे लेखांचे साठ झाले तर हळहळायचं काही कारण नाही. तण काढलं म्हणून कुणी शेत लहान झालं असं म्हणत नाही.

सातत्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो आणि तो मी सोडत नाही. ठरलेल्या दिवशी लिहायची सवय नसेल तर चांगलं लिहिणाराही हळूहळू थांबतो. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन २००३ पासून विंडोजच्या आतल्या गोष्टींवर लिहितायत, आणि कामाच्या दिवशी रोज लिहिण्याचा त्यांचा क्रम वीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. तेव्हा रोज लिहिणं म्हणजे रतीबच, असं मी कसं म्हणेन? पण त्यांची कोठी पाहा. दशकानुदशकं त्या एकाच प्रणालीत काम केलेला माणूस; अमुक गोष्ट अशी विचित्र का आहे, याचं उत्तर त्यांना ठाऊक असतं कारण ती घडली तेव्हा ते तिथे होते. कोठी भरलेली असेल तर रोज वाढा. ज्याच्या कोठीत महिन्याला एकच खरी गोष्ट जमते त्याने महिन्याला एकच लिहावी, आणि उरलेल्या आठवड्यांत जुन्या पानांवरून एक फेरी मारावी. वेळापत्रक पाळायचंच असेल तर तपासणीचंही पाळा.

मग मोजायचं काय, हा प्रश्न येतोच, आणि येणारच. पैसे खर्च करणाऱ्याला तो विचारायचा हक्क आहे. मिशलॅं कंपनी स्वतःच एक गोष्ट सांगते. आंद्रे मिशलॅं एका टायरच्या दुकानात गेले तर त्यांची मार्गदर्शक पुस्तकं कामाच्या बाकाखाली टेकू म्हणून लावलेली दिसली. वाटलेल्या प्रतींचा आकडा उत्तम होता; वाचणारा तिथे नव्हता. १९२० पासून त्यांनी पुस्तकाला किंमत लावली. आजच्या ‘भेटीं’च्या आकड्यांत असे किती टेकू असतील? त्यापेक्षा कामाच्या ठिकाणी विचारा. विक्री करणारी माणसं बोलताना कुठलं पान उघडून दाखवतात? कुठल्या लेखानंतर एक ठरावीक तक्रारीचा फोन कमी झाला? ग्राहक भेटीला येतो तेव्हा काय वाचून आलेला असतो आणि त्यामुळे पहिल्या भेटीत किती प्रश्न विचारावेच लागत नाहीत? हे आकडे आलेखावर देखणे दिसत नाहीत, गोळा करायला माणसांशी बोलावं लागतं, आणि प्रत्येक परिणाम लेखाच्या खाती टाकता येत नाही, हे मान्य. तरी हे विचारल्याशिवाय खर्च वाया गेला की फळला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्या कॉम्प्रेसरवाल्या पानाकडे मी अधूनमधून जातो. गेल्या खेपेला उघडलं तेव्हा लेखाच्या तळाशी तीन तारखा होत्या. पहिली लिहिल्याची. दुसऱ्या तारखेपुढे लिहिलं होतं, की नव्या मॉडेलमध्ये पाणी आपोआप सुटतं, तेव्हा रोज हाताने सोडण्याची सूचना फक्त जुन्या टाक्यांसाठी समजावी. पण नव्याची जाळी मात्र महिन्याला साफ करावी. तिसरी तारीख अगदी अलीकडची होती, आणि तिच्यापुढे तंत्रज्ञाने आपल्या नावाने लिहिलं होतं: ‘बेल्टला हात लावण्याआधी वीज बंद करा, हे सांगायचं आमच्याकडून राहिलं होतं. एका ग्राहकाने फोन करून लक्षात आणून दिलं. आता ते सर्वात वर घातलं आहे.’